गेम उघडत नाही? अँटिव्हायरस बंद करण्याआधी ईएक्सई फाईल तपासा

चवथीला सगळं कुटुंब गावच्या घरी जमलं की पोरांच्या हातून एखादा पेनड्राइव्ह फिरतोच. एकाच्या लॅपटॉपवर चाललेला गेम दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडत नाही. मग कोणीतरी व्हिडिओत बघितलेला उपाय सांगतो: डिफेंडर बंद कर, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ कर, फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाक. पहिल्याने विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस थांबतो, दुसऱ्याने प्रोग्रॅमला मशीनचे पूर्ण अधिकार मिळतात, तिसऱ्याने अँटिव्हायरस तो फोल्डर तपासणं सोडतो. हे तिन्ही उपाय कधीकधी खरंच लागू पडतात. पण पासवर्ड चोरणाऱ्या फाईलसोबत ‘वाचा’ म्हणून जी टेक्स्ट फाईल येते, तिच्यातही नेमके हेच तीन उपाय लिहिलेले असतात. म्हणून फाईल कोणाची आहे हे आधी ठरवायचं आणि ती चालत का नाही हे नंतर शोधायचं. ओळख पटेपर्यंत दाराची एकही कडी काढायची नाही.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे.

फाईल न उघडता काय काय दिसतं

पहिलं काम म्हणजे फाईलचं पूर्ण नाव दिसेल असं करणं. विंडोज मूळ सेटिंगमध्ये एक्स्टेन्शन लपवतं, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी, फाईलचा प्रकार सांगणारी अक्षरं. ईएक्सई म्हणजे चालवता येणारा प्रोग्रॅम. विंडोज ११ मध्ये फाईल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’ आणि तिथे ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ला टिक करा, १० मध्ये ही टिक ‘व्ह्यू’ टॅबवरच आहे. आता ‘सेटअप.पीडीएफ’ म्हणून दिसणारी फाईल प्रत्यक्षात ‘सेटअप.पीडीएफ.ईएक्सई’ असेल तर उघडी पडेल. एससीआर हे स्क्रीनसेव्हरचं एक्स्टेन्शनही ईएक्सईइतकंच चालतं, त्यामुळे गेमच्या झिपमध्ये एससीआर दिसली की ती फाईल तिथेच डिलीट करा. आयकॉनवर विश्वास ठेवू नका. प्रॉपर्टीजमधल्या ‘डिटेल्स’ टॅबवर दिसणारं कंपनीचं नाव आणि वर्णन यांवरही नको. फाईल बनवणारा तिथे मनाला येईल ते लिहू शकतो.

मग फाईलच्या शेजारी काय आहे ते बघा. गेमची ईएक्सई सहसा एकटी नसते. युनिटी इंजिनवर (इंजिन म्हणजे गेम बनवण्याचं तयार सॉफ्टवेअर) बनलेल्या गेममध्ये ईएक्सई जेमतेम ६५० केबीच्या आसपास असते. तिच्याजवळ युनिटीप्लेअर नावाची डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी मदतनीस फाईल) आणि गेमच्याच नावापुढे ‘डेटा’ जोडलेलं फोल्डर असतं, आणि खरं वजन त्या फोल्डरचं असतं. अनरियल इंजिनच्या गेममध्ये बाहेर दिसणारी लहान ईएक्सई नुसती हाक मारणारी. खरा गेम आत ‘बायनरीज’ फोल्डरच्या ‘विन६४’मध्ये, नावाच्या शेवटी ‘शिपिंग’ असलेल्या फाईलमध्ये बसलेला असतो. (फायरवॉलची परवानगी किंवा ग्राफिक्स कार्डाचं सेटिंग बाहेरच्या ईएक्सईला देऊन ‘काही फरक पडत नाही’ म्हणणारे इथेच चुकतात.) गोडो इंजिनच्या गेममध्ये शेजारी पीसीके फाईल असते, मात्र तीच ईएक्सईच्या आत भरायची सोय असल्यामुळे गोडोचा एकफाईली गेम खरा असू शकतो. बाकी तीस जीबीच्या गेमच्या नावाने नुसती एक ईएक्सई आली असेल तर तो गेम नव्हे.

आकाराबद्दल एक खास खूण. झिप ५ एमबीची आणि आतून निघालेली ईएक्सई ७०० एमबीची, असं दिसलं की हात मागे घ्या. खऱ्या गेमची चित्रं आणि आवाज आधीच दाबून बसवलेले असतात, ते शंभर पट दाबले जात नाहीत. इतकं दाबलं जातं ते फक्त शून्यांचं भूस. ते भरायचं कारण म्हणजे तपासणाऱ्या सेवांना आकाराची मर्यादा असते. एकच फाईल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देणारी व्हायरसटोटल ही साईट ६५० एमबीच्या वरची फाईल घेत नाही, आणि बरेच अँटिव्हायरस अवाढव्य फाईल पूर्ण न वाचताच सोडून देतात.

झिपला पासवर्ड असणं आणि तो पासवर्ड शेजारच्याच टेक्स्ट फाईलमध्ये लिहिलेला असणं, ही दुसरी खूण. कोणापासून काहीच लपवायचं नसताना कुलूप कशासाठी? अँटिव्हायरसला आत बघता येऊ नये यासाठी.

सही कशी वाचायची

ईएक्सईवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. ‘डिजिटल सिग्नेचर्स’ असा टॅब असेल तर त्यातल्या नावावर क्लिक करून पुढे ‘डिटेल्स’ दाबाच. बहुतेक जण यादीत नाव दिसलं की थांबतात. सही केल्यानंतर फाईलमध्ये कोणी फेरफार केला असेल तरी नाव यादीत तसंच राहतं. सही ठीक आहे की अवैध, हे आतल्या खिडकीतच लिहिलेलं असतं. नाव मोठ्या कंपनीचं आणि सही अवैध, म्हणजे फाईलच्या पोटात कोणीतरी हात घातला आहे.

टॅबच नसेल तर घाबरायचं कारण नाही. सहीच्या प्रमाणपत्राला दरवर्षी पैसे पडतात, त्यामुळे एकट्याने गेम बनवणारे बरेच जण सही करत नाहीत. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून उतरलेल्या कितीतरी गेमच्या ईएक्सईवरही सही नसते. उलट सही असली म्हणजे फाईल निर्धोक, असंही नाही. २०२२ मध्ये एनव्हिडियाची सहीची प्रमाणपत्रं चोरीला गेली आणि त्या चोरीच्या प्रमाणपत्रांनी सही केलेले घातक प्रोग्रॅम लगेच फिरू लागले. सही नाव सांगते, नियत सांगत नाही.

ब्राउझरमधून उतरवलेल्या फाईलवर विंडोज ‘बाहेरून आलेली’ असा अदृश्य शिक्का मारतं. प्रॉपर्टीजच्या पहिल्या टॅबवर खाली ‘अनब्लॉक’ची टिक दिसते ती त्याच शिक्क्यामुळे, आणि स्मार्टस्क्रीनची (विंडोजच्या इशारा देणाऱ्या सोयीची) निळी पाटी येते तीही त्यामुळेच. ही पाटी ‘व्हायरस सापडला’ असं सांगत नाही. ही फाईल फारशी कोणी चालवलेली नाही, एवढंच सांगते. नव्या लहान गेमला ती हमखास येते. पेनड्राइव्हवरून आलेल्या फाईलवर मात्र हा शिक्का बहुधा राहत नाही, कारण पेनड्राइव्हचा फॅट३२ किंवा एक्सफॅट फॉरमॅट तो साठवतच नाही. म्हणजे मामेभावाच्या लॅपटॉपवर इशारा आला होता आणि तुमच्याकडे आला नाही, यात समाधान मानण्यासारखं काही नाही.

हॅश आणि व्हायरसटोटल

फाईलचा एसएचए-२५६ हॅश म्हणजे तिच्या बोटाचा ठसा, ६४ अक्षरांचा. एक बिट बदलला तरी सगळा ठसा बदलतो. सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर राइट क्लिक (विंडोज ११ मध्ये आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’), मग ‘सीआरसी एसएचए’ आणि त्यात एसएचए-२५६. आलेला ठसा कॉपी करून व्हायरसटोटलच्या ‘सर्च’मध्ये टाका. फाईल अपलोड करण्याआधी नेहमी हॅश शोधावा. वेळ वाचतो, शिवाय अपलोड केलेली फाईल सुरक्षा कंपन्यांना उपलब्ध होते, त्यामुळे ऑफिसची किंवा खासगी फाईल तिथे चढवायची नसते.

निकाल वाचणं हे खरं कौशल्य आहे. सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसची इंजिनं असतात, आणि ‘३ बाय ७०’ बघून कोणी निर्धास्त होतो तर कोणी हादरतो. आकडा नव्हे, नावं वाचा. ‘जेनेरिक’, ‘ह्युरिस्टिक’, शेवटी ‘एमएल’ अशी नावं म्हणजे अंदाज: फाईलची ठेवण संशयास्पद वाटली, पण नेमका प्राणी ओळखू आलेला नाही. डिफेंडर ज्याला ‘वाकाटाक’ म्हणतो आणि पुढे उद्गारचिन्ह लावून ‘एमएल’ जोडतो, तो निकालही मशीन लर्निंगचा कौल असतो. यूपीएक्ससारख्या पॅकरने दाबलेल्या ईएक्सईवर असे आळ वरचेवर येतात. पण वेगवेगळ्या नावाजलेल्या इंजिनांनी ‘स्टीलर’ (पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम) म्हटलं असेल, किंवा रेडलाईन, लुमा, विडार अशांपैकी एकाच घराण्याचं नाव सगळ्यांनी घेतलं असेल, तर वाद घालू नका. आणखी एक गोम अशी की बिटडिफेंडरचं इंजिन इतरही काही कंपन्या वापरतात. तेच नाव हुबेहूब पाच ठिकाणी दिसलं, तर ती पाच मतं नसून एकच मत पाच तोंडांनी बोललेलं असू शकतं.

‘डिटेल्स’मध्ये फाईल पहिल्यांदा कधी आली ती तारीख असते. २०१९ च्या गेमची, कधीही न बदललेली म्हणून दिलेली ईएक्सई जर परवाच पहिल्यांदा दिसली असेल, तर ती मूळ फाईल नाही. लोकप्रिय गेमच्या ईएक्सईचा हॅश अजिबात न सापडणं हीसुद्धा चांगली बातमी नव्हे.

ओपनटीटीडीसारखे काही मोफत गेम डाउनलोडच्या पानावर हॅश देतात. तो जुळला तर डाउनलोड धड झालं, हे नक्की. पण ज्या साईटवरून फाईल घेतली तिथलाच हॅश असेल, तर साईटच फोडलेली असताना दोन्ही बदललेले असू शकतात.

ट्रेनर आणि चीट (गेममध्ये फसवून जिंकून देणारे प्रोग्रॅम) यांचं प्रकरण वेगळं. चालू गेमच्या मेमरीत हात घालणं हेच त्यांचं काम, आणि चोरट्या प्रोग्रॅमचंही तेच. त्यामुळे ‘हॅकटूल’ असा आळ खरा की खोटा, हे बाहेरून सांगता येत नाही. ज्या मशीनवर बँकेचं काम होतं तिथे ते नकोतच.

स्टोअरवर गेलं म्हणून सगळं सोवळं, असंही नाही. २५ डिसेंबर २०२३ ला ‘स्ले द स्पायर’च्या ‘डाउनफॉल’ या मोडच्या (मूळ गेमला जोडायच्या भरीच्या) स्टीमवरच्या प्रतीत पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम घुसवला गेला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पायरेटफाय’ नावाचा अख्खा गेमच स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हला काढून टाकावा लागला. पण टॉरेंटवरच्या धोक्यापुढे हे किरकोळ. त्याच महिन्यात कास्परस्की या सुरक्षा कंपनीने ‘बीमएनजी ड्राइव्ह’, ‘गॅरीज मोड’ यांसारख्या गेमच्या टॉरेंट इन्स्टॉलरमध्ये लपवलेला मायनर (तुमचं मशीन गुपचूप राबवून क्रिप्टो चलन कमावणारा प्रोग्रॅम) उघड केला. तो महिनोन्‌महिने गप्प राहून ३१ डिसेंबर २०२४ ला जागा झाला होता. ‘मी बसवला, महिनाभर काही झालं नाही’ या साक्षीची किंमत यावरून लक्षात यावी.

सँडबॉक्स

विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मधून विंडोज सँडबॉक्स, म्हणजे मशीनपासून वेगळं ठेवलेलं तात्पुरतं विंडोज, चालू करता येतो. किमान ४ जीबी रॅम लागते, ८ असलेली बरी, आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू हवं. होम आवृत्तीत ही सोय नाही. फाईल आत पेस्ट करून चालवा. खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. मात्र आत इंटरनेट चालू असतं, आणि कॉपी-पेस्टही दोन्हीकडे चालतं. शिवाय आपण सँडबॉक्समध्ये आहोत हे ओळखून गप्प बसणारे प्रोग्रॅम असतात. आत काही वाईट दिसलं तर तो पुरावा. काही दिसलं नाही तर तो पुरावा नव्हे.

ओळख पटली, आता दुरुस्ती

गेम स्टोअरचा असेल तर बाकी काही करण्याआधी फाईली पडताळून घ्या. स्टीममध्ये लायब्ररीतल्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘इन्स्टॉल्ड फाईल्स’, ‘व्हेरिफाय’. एपिकमध्ये तीन टिंबं, ‘मॅनेज’, ‘व्हेरिफाय’. आपल्याकडे जून ते सप्टेंबर अपडेट चालू असतानाच लाईट जाते, आणि अर्धवट लिहिलेली फाईल हे गेम न उघडण्याचं अगदी साधं कारण असतं. पडताळणीत तेवढीच फाईल पुन्हा उतरते.

पडताळून झाल्यावर दर वेळी तीच फाईल पुन्हा गायब होत असेल, तर ती अँटिव्हायरस उचलतो आहे. विंडोज सिक्युरिटीत ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ बघा. ओळख आधीच पटलेली असेल तर तिथून फाईल परत आणा आणि एक्सक्लूजन द्या, पण फक्त त्या गेमच्या फोल्डरला. याच वेळी एक्सक्लूजनची अख्खी यादी वाचून घ्या. सेकंडहँड घेतलेल्या किंवा बाहेरून ‘फॉरमॅट मारून’ आणलेल्या मशीनवर अख्खा सी ड्राइव्हच यादीत घातलेला सापडतो. विंडोज फुकटात चालू करून देणारा ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून कोणीतरी केलेली ती सोय. तशा मशीनवर डिफेंडरचं हिरवं चिन्ह नुसतं शोभेचं. ती ओळ आधी काढा.

‘दिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी’ असं आलं तर फाईल नोटपॅडमध्ये उघडा. धड ईएक्सईची पहिली दोन अक्षरं इंग्रजी एम आणि झेड असतात. हा फॉरमॅट बनवणारे मायक्रोसॉफ्टचे मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं. पी आणि के दिसली तर ती झिप आहे, नुसतं नाव बदललेलं. सुरुवातीलाच एचटीएमएल दिसलं तर तुम्ही गेम नव्हे, वेबपान उतरवलं आहे. एम-झेड असूनही हाच संदेश येत असेल तर फाईल अर्धवट असेल, ३२-बिट विंडोजवर ६४-बिट गेम असेल, किंवा नव्वदच्या दशकातल्या सीडीचा १६-बिट इन्स्टॉलर असेल, जो ६४-बिट विंडोजवर चालतच नाही.

डीएलएल सापडत नाही, हा रोजचा रडका संदेश. नावात ‘व्हीसीरनटाईम१४०’ किंवा ‘एमएसव्हीसीपी१४०’ असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या, आणि विंडोज ६४-बिट असली तरी एक्स८६ व एक्स६४ दोन्ही बसवा. ३२-बिट गेमला एक्स८६ लागतो. ‘डी३डीएक्स९_४३’ किंवा ‘एक्सइनपुट१_३’ असेल तर जून २०१० चे डायरेक्टएक्स एन्ड-युजर रनटाईम्स. मशीनवर डायरेक्टएक्स १२ असलं तरी या जुन्या फाईली वेगळ्याच बसवाव्या लागतात. एकेक डीएलएल देणाऱ्या साईटवर जाऊ नका. फाईलची आवृत्ती चुकते, आणि आत काय आहे ते पुन्हा पहिल्यापासून तपासत बसावं लागतं.

एरर कोडात शून्य-एक्सनंतर ‘सी०००००७बी’ असेल तर ३२ आणि ६४-बिटच्या फाईलींची सरमिसळ झाली आहे. बहुतेक वेळा कोणीतरी गेमच्या फोल्डरमध्ये चुकीची डीएलएल टाकलेली असते. ती काढा आणि वरचे रीडिस्ट्रिब्युटेबल पुन्हा बसवा. ‘सी००००००५’ म्हणजे प्रोग्रॅमने नको त्या मेमरीला हात लावला. या एका कोडावरून काही कळत नाही, इव्हेंट व्ह्युअरच बघावा लागतो. विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन, तिथे इव्हेंट आयडी १००० ची ताजी नोंद शोधा आणि ‘फॉल्टिंग मॉड्यूल पाथ’ची ओळ वाचा. पाथ गेमच्याच फोल्डरचा असेल तर पडताळणी करा. मॉड्यूलचं नाव ‘एनव्ही’ने सुरू होत असेल तर बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हर. पाथ एखाद्या ओव्हरले (गेमवर तरंगणारी पट्टी दाखवणाऱ्या) किंवा रेकॉर्डिंग प्रोग्रॅमचा असेल तर तो बंद करून बघा. याच एका ओळीमुळे अर्धा दिवस वाचतो.

मराठी वापरणाऱ्यांनाच भेटणारी एक अडचण: विंडोजमधलं युजरचं नाव देवनागरीत असेल, तर युजर्समधल्या फोल्डरचं नावही देवनागरीत होतं आणि काही जुन्या गेमना तो पत्ता वाचताच येत नाही. गेम मुकाट्याने बंद पडतो, किंवा चालतो पण सेव्ह होत नाही. फोल्डरचं नाव बदलायला जाऊ नका, प्रोफाईल मोडते. इंग्रजी अक्षरांत नवं लोकल अकाउंट काढा आणि त्यातून चालवून बघा. नाव इंग्रजीतच असूनही सेव्ह होत नसेल तर ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू आहे का बघा. असेल तर बंद न करता त्या ईएक्सईला तेवढी परवानगी द्या.

सेफडिस्कचं (नक्कल रोखणारं) संरक्षण असलेल्या जुन्या सीडी विंडोज १० आणि ११ वर चालत नाहीत. त्यांचा ड्रायव्हरच मायक्रोसॉफ्टने काढला. इथे लोक सीडीशिवाय चालणारी ‘नो-सीडी’ ईएक्सई शोधतात, आणि अनोळखी फाईल घरात येण्याची ती ठरलेली वाट आहे. तोच गेम जीओजी या ऑनलाइन गेम दुकानात मिळतो का, हे आधी बघावं. मिळाला तर सीडीवरची चार पावसाळ्यांची बुरशी पुसत बसायलाही नको.

झिप उलगडताना सीआरसी एरर (फाईलमधला मजकूर जुळत नसल्याचा संदेश) येत असेल तर दोनदा उलगडून बघा. दोन्ही वेळा त्याच फाईलवर अडली तर डाउनलोड बिघडलं आहे. दर वेळी वेगळ्या फाईलवर अडली तर संशय रॅमवर घ्या. कळंगुट किंवा कोलव्यासारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. मशीन बंद करून, वायर काढून, रॅमची पट्टी बाहेर घ्या, पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका, परत बसवा आणि विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक चालवा.

राहिलं ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. इन्स्टॉलरला ते लागतं, गेमला सहसा लागत नाही. जुना गेम प्रोग्रॅम फाईल्समध्येच सेव्ह लिहू पाहतो, तेवढ्यासाठी लागत असेल तर गेम दुसऱ्या फोल्डरमध्ये बसवा, काम भागतं.

नको ती फाईल चालवून बसलात तर

आधी वायफाय तोडा. मग दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून पासवर्ड बदला: पहिला ईमेलचा, मग बँकेचा, मग स्टीम आणि डिस्कॉर्डचा. प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा. हे टाळता येणार नाही, कारण चोर पासवर्डसोबत ब्राउझरच्या कुकीजही नेतो, आणि चालू सेशनची कुकी हातात असली की त्याला ओटीपी लागत नाही. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. जितका लवकर लागेल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

त्यानंतर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. तो विंडोज सुरू होण्याआधीच तपासतो, त्यामुळे त्याच्यापासून लपणं कठीण. पंखा सतत घोंघावतो आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतो, असं होत असेल तर मायनर असण्याची शक्यता मोठी. टास्क मॅनेजर दिसला की थांबायला काही मायनर शिकलेले असतात.

स्टीलर सापडला तर सफाईवर विसंबू नका, विंडोज नव्याने बसवा, आणि त्यासाठीचा यूएसबी दुसऱ्या मशीनवर बनवा. जुन्या डिस्कवरून फोटो, कागदपत्रं आणि गेमच्या सेव्ह फाईली तेवढ्या घ्या. ईएक्सई, डीएलएल, झिप काही नको. गेम ज्या पेनड्राइव्हवरून आला तोही फॉरमॅट करा, आणि चवथीच्या दिवसांत तो आणखी कोणाकोणाच्या लॅपटॉपला लागला होता ते आठवून त्या घरांनाही फोन करा.